'मस्ट' : एक इंग्रजी क्रियापद, तीन मराठी विभक्त्या

इंग्रजीतील 'मस्ट' हे साहाय्यक क्रियापद दोन वेगळी कामे करते. 'ही मस्ट गो' म्हणजे त्याने गेलेच पाहिजे; इथे ते कर्तव्य सांगते. 'ही मस्ट बी ॲट होम' म्हणजे तो घरी असणार. इथे ते अनुमान सांगते. पहिल्या वाक्यात बोलणारा कोणावर तरी बंधन घालतो. दुसऱ्यात तो दारातल्या चपला, खिडकीतला दिवा असे काही पाहून निष्कर्ष काढतो. तर्कशास्त्रात हे दोन प्रांत वेगळे धरतात. फिनलंडचे तत्त्वज्ञ गेओर्ग हेन्रिक फॉन राइट यांनी १९५१ साली त्यांची स्वतंत्र मांडणी केली आणि पुढे भाषाशास्त्राने ती उचलली. इंग्रजी मात्र दोन्ही प्रांतांत एकच शब्द चालवते आणि अर्थाचा निवाडा संदर्भावर सोडते. मराठीत हा निवाडा बहुतेक वेळा वाक्यातच होऊन जातो. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या वऱ्हाडी बोलीत तो विशेष स्पष्ट ऐकू येतो.

शब्दाचे कूळ

कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट ही इंग्रजीची मुख्य भाववाचक साहाय्यक क्रियापदे. कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असला तरी त्यांना 'एस' लागत नाही. पुढे क्रियापदाचे मूळ रूप येते, मध्ये 'टू' येत नाही. प्रश्न किंवा नकार करताना 'डू'ची मदत लागत नाही.

'मस्ट' मुळात भूतकाळी रूप आहे. जुन्या इंग्रजीत 'मोटान' हे क्रियापद होते. मुभा असणे, वाव असणे असा त्याचा अर्थ होता आणि त्याचे भूतकाळी रूप 'मोस्टे'. कालांतराने मूळ क्रियापद लोपले. भूतकाळी रूप वर्तमानकाळी म्हणून वापरात राहिले आणि अर्थही मुभेकडून सक्तीकडे सरकला. जर्मन भाषेतले 'म्युसेन' हे त्याचे भावंड. आधीच भूतकाळी असलेल्या या रूपाला पुन्हा भूतकाळ मिळाला नाही. ही उणीव इंग्रजीला आजही दुसऱ्या शब्दांनी भरून काढावी लागते.

मराठीतल्या 'पाहिजे'ची कथा याच वळणाची आहे. 'पाहणे' या क्रियापदाचे हे जुने कर्मणी रूप. ज्ञानेश्वरीच्या काळातल्या मराठीत 'कीजे', 'बोलिजे' अशी रूपे सर्रास होती. ती गेली, 'पाहिजे' आणि 'म्हणजे' ही दोन मात्र टिकली. 'पाहिजे'लाही स्वतःचा भूतकाळ नाही, 'होते'चा आधार घेऊन 'पाहिजे होते' असे म्हणावे लागते.

त्यानं, त्याले, तो

दारव्ह्यात एखाद्याच्या यवतमाळला जाण्याबद्दल तीन प्रकारे बोलता येते. 'त्यानं यवतमाळले जाले पायजे' हे कर्तव्य. 'त्याले यवतमाळले जा लागते' ही परिस्थितीची सक्ती. जिल्ह्याच्या कचेरीतले काम गावात होत नाही, म्हणून जाणे भाग. 'तो यवतमाळले गेला असन' हे अनुमान. प्रमाण मराठीत हीच वाक्ये 'त्याने जायला पाहिजे', 'त्याला जावे लागते' आणि 'तो गेला असेल' अशी होतात. कर्तव्य असेल तर कर्ता तृतीयेत, सक्ती असेल तर चतुर्थीत आणि अनुमान असेल तर प्रथमेत. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी कर्ता 'ही' हाच राहतो.

ही खूण सगळीकडे सारखी दिसत नाही. 'मी' आणि 'तू' यांना तृतीयेत वेगळे रूप नसल्याने 'मी गेले पाहिजे' या वाक्यात विभक्ती डोळ्यांना दिसत नाही; तिथे क्रियापदाचे नपुंसकलिंगी रूप मदतीला येते. 'पाहिजे' स्वतःही कधी अनुमानाकडे झुकते. 'त्याने यवतमाळला पोहोचले पाहिजे' यात कर्तव्य आहे, तर 'तो एव्हाना यवतमाळला पोहोचला पाहिजे' यात अंदाज. कर्ता प्रथमेत येताच अर्थ पालटला. 'मुलगा पास झाला पाहिजे' या प्रथमेतल्या वाक्यात मात्र अंदाज नसून इच्छा असते. म्हणजे विभक्ती दिशा दाखवते, शेवटचा निर्णय कधी कधी मराठीतही संदर्भच करतो.

जोर दाखवायला मराठीकडे 'च' आहे. 'त्याने गेले पाहिजे' हे 'शुड'च्या जवळचे, 'गेलेच पाहिजे' हे 'मस्ट'चे. इंग्रजीला दोन क्रियापदे लागतात तिथे मराठी एका अव्ययावर भागवते. 'यू मस्ट कम' हे आग्रहाचे आमंत्रणही याच वाटेने येते. 'फराळाला आलंच पाहिजे' असे म्हणणारा हुकूम सोडत नाही.

'मस्ट' आणि 'हॅव टू'

पारंपरिक व्याकरणात या दोघांचा भेद असा सांगतात : 'मस्ट'मधले बंधन बोलणाऱ्याकडून येते, 'हॅव टू'मधले बाहेरून. 'आय मस्ट स्टडी' म्हणणाऱ्याला अभ्यासाची गरज स्वतःला पटलेली असते. 'आय हॅव टू स्टडी' म्हणणाऱ्यावर परीक्षेची वेळ आलेली असते. प्रत्यक्ष बोलण्यात इंग्रज माणूस हा भेद नेहमी पाळतो असे नाही. मराठी माणसाला तो समजावून सांगावाही लागत नाही, कारण 'अभ्यास केला पाहिजे' आणि 'अभ्यास करावा लागतो' यांत तो रोज वावरतो.

नकार

खरी गफलत नकारात होते. 'यू मस्ट नॉट गो' ही मनाई आहे. 'यू डोन्ट हॅव टू गो' यात मनाई नाही, गरज नाही एवढेच सांगितले आहे. होकारात शेजारी असलेली ही दोन रूपे नकारात एकमेकांपासून फार दूर जातात. मराठीत मनाईसाठी 'नये' आहे आणि कडक मनाईसाठी 'कामा नये'. 'तू जाता कामा नये' हे 'मस्ट नॉट'ला बरोबर बसते. 'तुला जावे लागत नाही' किंवा 'जायची गरज नाही' हे 'डोन्ट हॅव टू'साठी. 'पाहिजे'च्या जोडीला 'नाही' लावून शब्दशः भाषांतर केले की दोन्हींचा घोळ होतो.

अनुमानाच्या नकारासाठी प्रमाण इंग्रजीत सहसा 'कान्ट' येतो. 'ही कान्ट बी ॲट होम' म्हणजे तो घरी असणे शक्य नाही. 'मस्ट नॉट बी' या रूपातले नकारार्थी अनुमान अमेरिकन इंग्रजीत अधिक ऐकू येते.

भूतकाळ आणि भविष्यकाळ

'मस्ट'ला भूतकाळ नसल्याने कालच्या सक्तीसाठी 'हॅड टू' वापरतात : 'त्याला जावे लागले'. 'मस्ट हॅव गॉन' या रूपात सक्ती नाही. ते मागे घडलेल्या गोष्टीचे आजचे अनुमान आहे. मूर्तिजापूर–यवतमाळ नॅरोगेज मार्गावरची 'शकुंतला' गाडी दारव्ह्यावरून जात असे. जुने रूळ पाहून एखादा परका माणूस म्हणेल, 'अ ट्रेन मस्ट हॅव रन हियर'. इथून कधी काळी गाडी धावत असणार. पुढच्या सक्तीसाठी 'विल हॅव टू' येते, मराठीत 'जावे लागेल', वऱ्हाडीत 'जा लागन'.

खात्रीच्या पायऱ्या

अनुमानात खात्री कमी-जास्त असते. इंग्रजीत 'मस्ट' सर्वांत वर, 'शुड' त्याखाली, 'मे' आणि 'माइट' आणखी खाली. मराठीत 'असणारच', 'असेल', 'असावा' आणि 'असू शकेल' अशी उतरण लागते. त्यातला 'असावा' लक्षात घेण्याजोगा आहे. हे विध्यर्थी रूप. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले; त्या परंपरेत स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे क्रियापदाचे अर्थ मानतात. विध्यर्थातही 'मस्ट'सारखेच दोन पदर आहेत : 'मुलांनी लवकर उठावे' हे कर्तव्य आणि 'तो आजारी असावा' हा तर्क. कर्तव्याच्या शब्दाने अंदाजाचे काम करणे ही केवळ इंग्रजीची खोड नाही.

कायद्यात आणि यंत्रांत

भारतीय संविधानाच्या इंग्रजी पाठात बंधनासाठी प्रामुख्याने 'शॅल' योजला आहे. मराठी पाठात त्याच्या जागी बहुधा साधा भविष्यकाळ येतो. 'शॅल' असला की तरतूद बंधनकारकच, असेही नाही. उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मनबोधन लाल श्रीवास्तव या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली निर्णय दिला, की अनुच्छेद ३२० मधील लोकसेवा आयोगाच्या सल्ल्याची तरतूद 'शॅल' असूनही अनिवार्य नाही. अशा संदिग्धतेमुळे अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांची २००७ साली नवी शब्दरचना करताना 'शॅल' काढून बंधनाच्या जागी 'मस्ट' घातला गेला. इंटरनेटच्या तांत्रिक मानकांसाठी १९९७ च्या 'आरएफसी २११९' या दस्तऐवजाने तर या शब्दांचे अर्थच बांधून दिले : 'मस्ट' म्हणजे बिनशर्त अट, 'शुड' म्हणजे सबळ कारण असेल तर सोडता येईल अशी शिफारस, 'मे' म्हणजे ऐच्छिक.

रोजच्या इंग्रजीत मात्र उलटा प्रवास चालू आहे. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री लीच यांनी १९६१ आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचे छापील इंग्रजी ताडून पाहिले, तेव्हा ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे 'मस्ट'चा वापर ठळकपणे घटलेला आढळला. सक्तीसाठी लोक 'हॅव टू', 'हॅव गॉट टू' किंवा 'नीड टू'कडे वळत आहेत.

विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुका

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. दहावी-बारावीच्या व्याकरणात भाववाचक साहाय्यक क्रियापद ओळखून त्याचे कार्य लिहायला सांगतात. मराठी विद्यार्थ्याच्या चुका ठरावीक असतात. 'मस्ट टू गो' यात 'टू' जास्तीचा. 'ही मस्ट गोज' यात 'एस' जास्तीचा. 'विल मस्ट' यात दोन साहाय्यक क्रियापदे एकत्र येतात, ते चालत नाही. 'यस्टरडे आय मस्ट गो' याऐवजी 'हॅड टू गो' हवे.

कार्य ओळखताना आधी वाक्य आपल्या बोलीत म्हणून पाहावे आणि कर्ता 'त्यानं', 'त्याले' की 'तो' हे तपासावे. 'त्यानं' आले तर कर्तव्य, 'त्याले' आले तर सक्ती आणि 'तो असन' आले तर अनुमान. कर्ता 'मी' किंवा 'तू' असेल, तर त्या जागी 'तो' घालून हीच कसोटी लावता येते.