चांदीचे दोन काळे रंग

पैंजण काळवंडले की घरात कुणी चांदीच खोटी ठरवतो, तर कुणी त्यात अपशकुन शोधतो. प्रत्यक्षात तो एका इलेक्ट्रॉनचा व्यवहार असतो. चांदीच्या अणूत 47 इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांपैकी एकच सर्वांत बाहेरच्या कवचात असतो. शुद्ध धातूची ऑक्सिडीकरण अवस्था शून्य मानतात; तो एक इलेक्ट्रॉन गेला की ती अधिक एक होते. चांदीची बहुतेक संयुगे याच अवस्थेतील आहेत. अधिक दोन ही अवस्था विरळा, मुख्यतः फ्लोरीनच्या संगतीत आढळणारी. चांदीचे एक काळे ऑक्साइड सूत्रावरून अधिक दोनचे भासते खरे. परंतु त्यातील निम्मे अणू अधिक एक आणि निम्मे अधिक तीन अवस्थेत असतात. सरासरी किती फसवी असते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास वेगळे सांगावयास नको!

‘ऑक्सिडीकरण’ या नावामुळे सारा दोष ऑक्सिजनवर जातो. तो एकटा चांदीचे फारसे काही बिघडवीत नाही. गटारांतून व कुजणाऱ्या पदार्थांतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड त्याच्या जोडीस आला, म्हणजे पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. येथे चांदीने इलेक्ट्रॉन गमावलेला असतो.

मतदानाच्या वेळी बोटावर उमटणारा काळा रंग मात्र नेमका उलट्या वाटेने येतो. म्हैसूर येथे तयार होणारी ही शाई 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात आहे. तिच्यातील सिल्व्हर नायट्रेटची त्वचेवरील मिठाशी गाठ पडून सिल्व्हर क्लोराइड बनते आणि प्रकाशात त्यातून चांदीचे सूक्ष्म कण सुटे होतात. अधिक एकवरून पुन्हा शून्य! एका माणसाला एकच मत, याची साक्ष देणारी ती खूण धातुरूप चांदीची असते. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी 1913 साली पडद्यावर आणलेली चित्रे याच क्षपणाने उमटली होती; फिल्मवर क्लोराइडऐवजी प्रामुख्याने ब्रोमाइड असे, एवढाच फरक.

फाळके स्मारकाच्या माथ्यावरील त्रिरश्मी लेण्यांत चांदीचा आणखी जुना हिशेब कोरलेला आहे. दहाव्या लेण्यातील लेखानुसार नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी 3,000 कार्षापणांची अक्षयनिधी गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी 2,000 वर दरमहा शेकडा एक व्याज होते. वर्षाचे 240 झाले. वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. हिशेब चोख जुळतो.

त्याच नहपानाची चांदीची नाणी 1906 साली गोदावरी व दारणा यांच्या संगमाजवळ जोगलटेंभी येथे सापडली. तेरा हजारांहून अधिक! त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले चैत्यचिन्ह व उज्जयिनी चिन्ह पुन्हा ठोकले होते. नव्या ठशाखालून नहपानाचा चेहरा डोकावतो, आणि एका सत्तेने दुसरीला हरविल्याचा पुरावा त्या चिमुकल्या चकतीवर राहतो.

जमिनीतील क्षारांमुळे पुरलेल्या चांदीवर क्लोराइडचा थर बसतो. तो वरून चिकटलेला मळ नव्हे, नाण्याचीच चांदी अधिक एक अवस्थेत गेलेली असते. चिंच, राख किंवा रांगोळीने घासल्यास थराबरोबर ठशाचे उंचवटेही झिजतात, आणि बहुधा खालचा जुना ठसा आधी नाहीसा होतो. शेतात असे नाणे मिळाल्यास ते मुळीच घासू नये. दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे 1878 च्या कायद्यानुसार बंधनकारक आहे.

घरातील साध्या, खडे नसलेल्या पैंजणांसाठी सोपा उपाय आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या पातेल्यात गरम पाणी, खाण्याचा सोडा व थोडे मीठ घालून पैंजण तळाला टेकतील असे ठेवावेत. अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रॉन देते, चांदी जागच्या जागी शून्यावर येते आणि सुटलेल्या गंधकाचा सडक्या अंड्यासारखा वास येतो. पातेले मात्र काळे पडते.