जुना डेस्कटॉप, नवे ग्राफिक्स कार्ड

जुन्या डेस्कटॉपमध्ये कोणते ग्राफिक्स कार्ड बसवायचे, हे दुकानातल्या कार्डांवरून ठरत नाही. ते ठरवतात त्या डेस्कटॉपचा एसएमपीएस, मदरबोर्डवरचा स्लॉट आणि कॅबिनेटमधली मोकळी जागा. कार्ड आधी विकत आणले आणि कॅबिनेट नंतर उघडले, तर एका खर्चामागून दुसरा खर्च लागतो. म्हणून हे काम स्क्रू काढण्यापासून सुरू करायचे असते, खरेदीपासून नव्हे.

उदाहरण कुरुंदवाडचे घेऊ. हे शिरोळ तालुक्यातले नगरपालिकेचे गाव. कृष्णा-पंचगंगेच्या संगमालगत वसलेले, पलीकडे नरसोबाची वाडी. एवढ्या गावात डेस्कटॉपवर दिवसभर राबतात ते फोटो स्टुडिओवाले, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे आणि फ्लेक्स-पत्रिकांचे डिझाइन करणारे. अशा ठिकाणचा नमुनेदार संगणक म्हणजे इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, आठ जीबी रॅम आणि असेंबल करताना कॅबिनेटसोबतच मिळालेला एसएमपीएस. २०१३-१४ च्या सुमाराचे हे यंत्र पत्रिका अजूनही बिनतक्रार छापून देते. अडते ते ४के व्हिडिओशी.

सगळ्यांनाच नव्या कार्डाचा फायदा होतो असे नाही. कोरल ड्रॉ आणि श्रीलिपी यांवर फ्लेक्स बनवणाऱ्याचे काम मुख्यतः प्रोसेसर, रॅम आणि डिस्कवर चालते. तिथे हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली आणि रॅम सोळा जीबी केली, तर कार्डापेक्षा कमी पैशांत जास्त फरक पडतो. व्हिडिओचे मात्र वेगळे. दा विंची रिझॉल्व्हसारखे सॉफ्टवेअर रंगदुरुस्ती, चित्राचा आकार बदलणे, धूसर करणे ही कामे ग्राफिक्स कार्डावरच टाकते. प्रीमियर प्रोमध्येही असे बरेच इफेक्ट कार्डावर चालतात. कार्ड नसले की ते प्रोसेसरच्या गळ्यात पडतात आणि टाइमलाइन अडखळत चालते.

यात एक बारकावा आहे आणि पैसे घालवण्यापूर्वी तो कळलेला बरा. फाइल उलगडणे, इफेक्ट मोजणे आणि तयार व्हिडिओ पुन्हा दाबून साठवणे, या तिन्ही कामांचे कार्डावरचे भाग वेगवेगळे असतात. आताचे अनेक मिररलेस कॅमेरे १० बिट ४:२:२ प्रकारात एच.२६५ व्हिडिओ टिपतात. हा प्रकार जीटीएक्स १६५० किंवा आरटीएक्स ३०५० उलगडू शकत नाही. एनव्हिडियाच्या घरगुती कार्डांत ती सोय २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत आली. म्हणजे कॅमेरा याच प्रकारात चालवायचा असेल, तर परवडणारे कार्ड बसवूनही मूळ फाइल टाइमलाइनवर अडखळणारच. त्यावर उपाय म्हणजे आधी हलक्या प्रॉक्सी फाइल बनवून त्यांवर एडिटिंग करणे, नाहीतर कॅमेऱ्यातच ४:२:० निवडणे. कार्ड बदलण्याआधी कॅमेऱ्याचा मेनू उघडून पाहावा तो यासाठी.

कॅबिनेट उघडल्यावर पहिली नजर एसएमपीएसच्या लेबलवर जावी. वर ठळक ‘४५० वॅट’ छापलेले असते, त्याला फारसा अर्थ नसतो. पाहायचा तो लेबलवरच्या तक्त्यातला १२ व्होल्टचा रकाना. तिथे १६ अँपिअर लिहिले असेल, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांचेही पोट याच १२ व्होल्टवर भरते. आय५-४५७० हा प्रोसेसर ८४ वॅटचा, ७५ वॅटचे कार्ड घातले की झाले १५९. त्यात पंखे, हार्ड डिस्कच्या मोटारी आणि बोर्डाची स्वतःची भूक मिळवली की १९२ चा काठ गाठलाच. दहा वर्षे चाललेल्या एसएमपीएसमधले कपॅसिटर थकलेले असतात, ते त्या काठावर फार दिवस टिकत नाहीत. मल्टिमीटरने १२ व्होल्टची पिवळी वायर मोजली, तर मानकाप्रमाणे ११.४ ते १२.६ च्या दरम्यान आकडा यायला हवा. तोही यंत्र निवांत असताना नव्हे, तर रेंडर चालू असताना. ताण पडल्यावर आकडा ११.४ च्या खाली घसरत असेल, तर कार्डाचा विचार बाजूला ठेवून आधी चांगल्या कंपनीचा एसएमपीएस घ्यावा. शेतीपंपांच्या भाराने व्होल्टेज वरखाली होणाऱ्या भागात तर हा खर्च टाळण्यात शहाणपण नाही.

कार्डाला वीज दोन वाटांनी मिळते. लांब पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट स्वतः जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्यापुढची भूक असलेल्या कार्डाला सहा पिनांचा जोड आणखी ७५ वॅट देतो, आठ पिनांचा १५० वॅट. जुन्या एसएमपीएसला हे जोड नसतात, म्हणून साटा पॉवरच्या वायरवरून सहा पिन काढून देणारे स्वस्त अडॅप्टर सर्रास वापरले जातात. ते वापरू नयेत. साटा जोडात १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे सगळे मिळून ५४ वॅट. त्यातून ७५ वॅट ओढले की प्लॅस्टिक वितळते, कधी धूर निघतो. त्यामुळे जुन्या डेस्कटॉपसाठी व्यवहार्य कार्डे ती, जी स्लॉटच्या ७५ वॅटमध्येच भागवतात.

आता स्लॉट. चौथ्या पिढीचा प्रोसेसर पीसीआय एक्स्प्रेस ३.० देऊ शकतो, पण एच८१ बोर्डावर स्लॉट २.० वरच चालतो. डेटा वाहणाऱ्या सोळा लेन मिळून सेकंदाला सुमारे ८ जीबी. सोळा लेन वापरणाऱ्या मध्यम कार्डाला एवढे पुरते. घात होतो तो कमी लेनच्या कार्डांत. एएमडीची आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी ही २०२२ ची कार्डे फक्त चार लेन वापरतात. नव्या बोर्डावर ती कसर भरून निघते, एच८१ वर मात्र सेकंदाला २ जीबीच उरतात. शिवाय या दोन्ही कार्डांत व्हिडिओ दाबून साठवणारा हार्डवेअर भागच नाही, त्यामुळे एडिटिंगवाल्याला ती कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नयेत. इंटेलचे आर्क ए३८० कागदावर आकर्षक दिसते, पण त्याला रिसायझेबल बार ही सोय लागते आणि ती इतक्या जुन्या बोर्डांत नसते.

उरतात ती मोजकीच. जीटीएक्स १०५० टीआय २०१६ चे, ४ जीबीचे आणि स्लॉटच्या विजेवर चालणारे. पण त्या पिढीसाठीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, फक्त सुरक्षेचे बदल ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. जीटीएक्स १६५० एप्रिल २०१९ चे; मूळ रूपात ७५ वॅटचे, मात्र काही कंपन्यांनी त्यालाही सहा पिनांचा जोड दिला असल्याने खोक्यावरचे चित्र नीट पाहून घ्यावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० हे ७० वॅटचे, आठ लेनचे. नवे घ्यायचे तर अशा यंत्राला सगळ्यांत शोभणारे तेच. त्याच नावाचे ८ जीबीचे कार्ड वेगळे, त्याला बाहेरून वीज लागते. जीटी ७१० मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी टाळावे. ते १९ वॅटचे कार्ड दुसरा मॉनिटर जोडण्यापुरते ठीक, एडिटिंगला त्याचा काडीचा उपयोग नाही.

जागेचे मोजमाप टेपने घ्यावे. स्लॉटच्या रेषेत मागच्या पत्र्यापासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत किती सेंटिमीटर मोकळे आहेत, आणि शेजारची पट्टी रिकामी आहे का. बहुतेक कार्डे दोन पट्ट्यांची जाडी घेतात. छोट्या बोर्डावर जाड कार्ड कधी कधी साटाच्या जोडांवर येते, तेव्हा सरळ केबल काढून काटकोनी घालावी लागते. कार्यालयांतून निघालेले डेलचे ऑप्टिप्लेक्स घेणाऱ्यांना आणखी एक अडचण. त्यांतल्या बुटक्या मॉडेलमध्ये अर्ध्या उंचीचेच कार्ड मावते, आणि ऑप्टिप्लेक्स ९०२० सारख्या यंत्रांत एसएमपीएसचा जोड कंपनीचा स्वतःचा असल्याने बाजारातला साधा एसएमपीएस थेट बसत नाही.

मॉनिटर विसरला जातो. जुन्या मॉनिटरला निळ्या टोकाची व्हीजीए केबल असते आणि २०१६ नंतरच्या कार्डांतून तो अॅनालॉग सिग्नल निघतच नाही. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा चांगला कन्व्हर्टर लागतो, नुसती केबल चालत नाही. याच माहितीचा जुन्या बाजारात भलताच उपयोग होतो. कोणी जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकत असेल आणि पाठीमागे व्हीजीएचे पोर्ट दिसत असेल, तर ते २०१०-११ च्या कार्डाचे नाव बदलून विकलेले सोंग समजावे. जीपीयू-झेड हे छोटे सॉफ्टवेअर असे कार्ड पकडते. जुने कार्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवा की सांगलीत घ्या, पैसे देण्याआधी ते चालवून पाहावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे खाणकाम कार्डांवरून उठले आणि अहोरात्र राबलेली कार्डे जगभर बाजारात आली. कार्डाच्या पंख्याचे पाते बोटाने हलके हलवले तर बेअरिंगची घरघर हाताला जाणवते.

बसवण्याचा मुहूर्त लग्नसराईवर ठरतो. तुळशीचे लग्न झाले की कामाचा रेटा सुरू होतो, म्हणून दुरुस्त्या पावसाळ्यावर ढकलल्या जातात. नेमका तोच काळ कुरुंदवाडला जपण्याचा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी शिरोळ तालुका वेढला होता. पाणी घरात आले नाही तरी महिनाभर हवेत ओल असते. घाईने माळ्यावर चढवलेले यंत्र उतरवले, तर स्लॉटमधल्या पिनांवर हिरवट-पांढरा थर दिसतो. तो मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढून, बोर्ड पूर्ण कोरडा झाल्यावरच पुढे जावे.

यंत्रात आधीचे कार्ड असेल, तर त्याचा ड्रायव्हर ते कार्ड जागेवर असतानाच काढायचा. डीडीयू हे सॉफ्टवेअर सेफ मोडमध्ये चालवले की मागचे अवशेष राहत नाहीत. नव्या कार्डाचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवावा. मग यंत्र बंद, बटण बंद, पिन बाहेर, आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज रिकामी. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज सोडावी. यंत्र चालू असताना पत्र्याला झिणझिण्या येत असतील, तर खोलीतले अर्थिंग कुचकामी आहे. कार्ड घालण्यापूर्वी वायरमनला बोलवावे.

जुने कार्ड निघते ते खटक्याने. स्लॉटच्या आतल्या टोकाला एक लहान प्लॅस्टिकचा खटका असतो. तो न दाबता कार्ड ओढले की खटका तुटतो, कधी स्लॉटच बोर्डावरून उचलला जातो. दहा वर्षे उष्णता खाल्लेले प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते, म्हणून बोटाऐवजी बोथट लाकडी काडीने तो हळू खाली दाबतात आणि दुसऱ्या हाताने कार्ड सरळ वर काढतात. आत साचलेली कापूस-धुळीची गादी ब्लोअरने उडवताना पंखा बोटाने धरून ठेवावा. मोकळा फिरू दिला तर वाऱ्याने बेफाम फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. कॅबिनेट उघडलेच आहे तर प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. या कामाला वेगळा दिवस मिळत नाही.

नवे कार्ड सोनेरी कडेला बोट न लावता धरायचे. पट्टीचे टोक मागच्या फटीत, कड स्लॉटवर समांतर, मग दोन्ही टोकांवर सारखा दाब. ‘टक’ असा आवाज झाला आणि खटका आपोआप वर आला की कार्ड बसले. सोनेरी कडेची रेघ एका टोकाला जास्त दिसत असेल तर ते तिरके आहे. पट्टीचा स्क्रू लावताना कार्ड ओढले जाणार नाही, हे बघावे. मॉनिटरची केबल आता कार्डाच्या पोर्टला. सवयीने ती बोर्डाच्या पोर्टला लावली जाते आणि ‘नो डिस्प्ले’ म्हणून धावपळ होते. केबल बरोबर असूनही पडदा काळाच राहिला, तर बोर्डाच्या बायोसकडे पाहावे. यूईएफआयच्या आधीच्या बोर्डांवर नवी कार्डे कधी चित्रच देत नाहीत, आणि एच८१ सारख्या बोर्डांवर बायोसची शेवटची आवृत्ती भरली की अनेकदा प्रश्न मिटतो.

ड्रायव्हर भरल्यावर जीपीयू-झेडमध्ये स्लॉटचा वेग पाहावा. यंत्र निवांत असताना तो १.१ दाखवतो म्हणून घाबरू नये; वीज वाचवायला कार्ड वेग उतरवते आणि काम पडताच २.० वर जाते. सोळा लेनच्या कार्डाला आठच लेन दिसत असतील, तर मात्र कार्ड काढून पुन्हा बसवावे. खरी चाचणी गेल्या लग्नाच्या प्रोजेक्टची. जुन्या कार्डावर त्याच प्रोजेक्टच्या रेंडरला किती वेळ लागला होता तो टिपून ठेवलेला असावा, आणि आता तोच पुन्हा चालवावा. तापमान ८३ अंशांजवळ गेले की एनव्हिडियाची बरीच कार्डे स्वतःहून वेग कमी करतात. पावसाळ्यात ७० दाखवणारे कार्ड एप्रिलच्या उकाड्यात तिथे पोचू शकते, म्हणून कॅबिनेटला मागे हवा बाहेर टाकणारा एक पंखा हवाच.

विंडोजचाही हिशेब यात येतो. विंडोज १० ची मोफत साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालते. त्यामुळे चौथ्या पिढीच्या यंत्रात घातलेले कार्ड हे पुढे दुसऱ्या यंत्रात नेण्याजोगे असावे, यासाठीही आठ किंवा सोळा लेनचे, चालू ड्रायव्हरचे कार्ड निवडणे फायद्याचे. खोके आणि बिल तोपर्यंत सांभाळावे. काढलेले जुने कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घालून कोरड्या जागी ठेवावे. पुढे कधी पडदा काळा झाला, तर दोष कार्डाचा की बोर्डाचा हे ते घालून लगेच कळते.