कवडसा फिरवणारा आरसा

जून उजाडला की फुलपाड्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांपुढे उभं राहायला जागा मिळत नाही. जीवदानीच्या डोंगराच्या कुशीतली, पापडखिंड धरणाच्या वाटेवरची ही विरार पूर्वेची वस्ती. शाळा-कॉलेजांचे प्रवेश, जातीचे दाखले, भाडेकरार असं सगळं एकाच महिन्यात येतं. पावसाला नुकती सुरुवात झाली होती आणि आमच्या नाक्यावरच्या दुकानातल्या प्रिंटरमधून कागद फिकट येऊ लागले. दुकान चालवणाऱ्या ताईंनी टोनर बदलला. तरी अक्षरं धुक्यातून पाहिल्यासारखीच. शेवटी दुरुस्तीवाला आला. त्याने वरचं झाकण काढलं, चार स्क्रू सोडवले आणि प्लास्टिकची एक चपटी पेटी बाहेर काढली.

"टोनर कालच भरलाय हो दादा," ताई म्हणाल्या.

"टोनर बरोबर आहे, ताई. लेझर युनिटच्या आरशावर वाफ धरलीय. पावसाळ्यात होतं असं."

मी माझे कागद हातात धरून तिथेच उभा होतो, म्हणून त्याने ती पेटी मलाही दाखवली. आत एका बारक्या मोटारीवर रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, सहा बाजूंची एक चकती बसवलेली होती. तिच्या सहाही कडा लखलखीत. प्रत्येक कड म्हणजे एक आरसा. चकतीच्या पुढे केळीच्या फोडीसारख्या वाकलेल्या लांबट भिंगांची जोडी, आणि त्यांच्या पलीकडे प्रकाशाला खाली वळवणारा, पट्टीसारखा अरुंद आरसा. दुरुस्तीवाल्याने मऊ कापडाने एकेक काच हलक्या हाताने पुसली, पेटी बसवली, आणि पुढचा कागद काळाभोर, स्वच्छ आला.

त्या दिवसापासून ती चकती माझ्या डोक्यातून गेलेली नाही. दिवा कोणी शोधला, लेझर कोणी शोधला, हे आपण मुलांना शिकवतो. पण त्या प्रकाशाला वळण लावणारा, त्याला ओळीने चालायला शिकवणारा आरसा आपल्या रोजच्या जगण्यात किती ठिकाणी लपून बसलाय, हे कोणी सांगत नाही.

उन्हात आरसा धरून समोरच्या भिंतीवर कवडसा पाडण्याचा खेळ प्रत्येकाने केलेला असतो. हाताची जराशी हालचाल झाली तरी कवडसा भिंतीवर केवढा धावतो! त्याचं कारण सोपं आहे. आरसा एक अंश फिरला की परावर्तित किरण दोन अंश फिरतो. शिवाय भिंत जितकी लांब, तितकी धाव मोठी. दिवा जागचा हलवावा लागत नाही, हलक्याशा आरशाला फिरवलं की काम होतं. लेझर प्रिंटर म्हणजे हाच कवडशाचा खेळ, फक्त कमालीच्या नेमकेपणाने खेळलेला.

प्रिंटरमध्ये ड्रम नावाचं एक गोल नळकांडं असतं. त्यावर आधी विजेचा भार चढवतात. लेझरचा किरण जिथे पडतो तिथला भार उतरतो आणि तेवढ्याच जागी टोनरची काळी भुकटी चिकटते. तिथून ती कागदावर येते आणि पुढे तापलेल्या रुळाखाली वितळून पक्की होते. किरण एका वेळी एकच ठिपका पाडू शकतो. मग पूर्ण पान कसं लिहायचं? सहा बाजूंची चकती फिरते. एक बाजू किरणासमोरून गेली की ड्रमवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक ओळ पूर्ण होते, दुसरी बाजू आली की पुढची ओळ. ड्रम हळूहळू पुढे सरकत राहतो. किरण मात्र जिथे काळं हवं तिथे पेटतो आणि पांढरं हवं तिथे विझतो.

मी घरी येऊन हिशेब मांडला. इंचाला 600 ठिपके आणि मिनिटाला 20 पानं, अशा साध्या प्रिंटरचा. ए-फोर पान जवळपास 11.7 इंच लांब, म्हणजे एका पानात सुमारे 7000 ओळी. एका पानाला तीन सेकंद, म्हणून सेकंदाला 2300 हून अधिक ओळी. चकतीच्या एका फेरीत सहा ओळी होतात, तेव्हा तिला सेकंदाला 390 च्या आसपास फेऱ्या माराव्या लागतात. मिनिटाला 23 हजारांच्या वर! घरातला छताचा पंखा पूर्ण वेगात साडेतीनशेच्या आसपास फिरतो. छापायला सांगितल्यावर कागद निघण्याआधी प्रिंटरमधून जो बारीक सूंऽऽ आवाज चढत जातो, त्यात या चकतीचा वाटा मोठा. एका ओळीत सुमारे पाच हजार ठिपक्यांची जागा, म्हणजे एका पानावर जवळजवळ साडेतीन कोटी. शाळेच्या एका दाखल्यासाठी किरण इतक्या वेळा पेटायचं की विझायचं हे ठरवतो, आणि तेही तीन सेकंदांत.

यात दोन अडचणी होत्या, आणि मला त्या सोडवण्याची रीतच जास्त भावते. पहिली अशी की फिरत्या आरशावरचा किरण सपाट जागेवर सारख्या वेगाने धावत नाही. मध्यभागी तो सावकाश जातो, कडेला पळतो. तसंच सोडलं तर कडेची अक्षरं ताणली जातील. केळीच्या फोडीसारखी दिसणारी ती भिंगं हा फरक मिटवतात आणि ठिपका कडेपर्यंत बारीक ठेवतात. दुसरी अडचण याहून अवघड. सहापैकी एखादी बाजू केसभर जरी वर किंवा खाली कललेली असेल, तरी प्रत्येक सहावी ओळ सरकून पडणार, आणि डोळ्याला ते लगेच खुपणार. सहाही बाजू तंतोतंत सारख्या घासायच्या तर चकती परवडणारी राहत नाही.

अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीतल्या गॅरी स्टार्कवेदर यांनी हे कोडं सोडवलं. किरणाने छपाई करण्याची त्यांची कल्पना न्यूयॉर्क राज्यातल्या प्रयोगशाळेत वरिष्ठांना पटत नव्हती. 1971 मध्ये ते कंपनीच्याच कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात गेले आणि तिथे त्याच वर्षी त्यांनी चालतं यंत्र उभं केलं. आरसा महागडा करण्याऐवजी त्यांनी किरणाच्या वाटेत दंडगोल भिंग ठेवलं. आरशाची बाजू थोडी कलली तरी ते भिंग किरणाला पुन्हा त्याच ओळीवर आणून बसवतं. आरशाची खोड भिंगाने सांभाळून घेतली! 1977 मध्ये झेरॉक्सने आपला 9700 हा लेझर प्रिंटर बाजारात आणला. तो कपाटाएवढा होता. तेच तत्त्व आज फुलपाड्यातल्या टेबलावर मावतं.

त्याच दुकानातलं दुसरं यंत्र म्हणजे मोठं झेरॉक्स मशीन. काचेखालून उजेडाची पट्टी सरकत जाते, ती आपण रोज पाहतो. मोठ्या यंत्रांत त्या दिव्याबरोबर एक आरसा धावतो आणि त्याच्यामागे आणखी दोन आरसे एकमेकांशी काटकोन करून, बरोबर निम्म्या वेगाने जातात. निम्माच का? दिवा पुढे सरकला की कागदापासून भिंगापर्यंतचं अंतर बदलणार, आणि अंतर बदललं की प्रतिमा अस्पष्ट होणार. मागच्या जोडीत प्रकाश शिरतो आणि वळून बाहेरही पडतो, त्यामुळे तिचं सरकणं दोनदा मोजलं जातं. म्हणून निम्मा वेग पुरतो आणि प्रकाशाच्या वाटेची लांबी पानभर तेवढीच राहते. हे मला कळलं तेव्हा त्या पट्टीकडे पाहण्याची माझी नजरच बदलली.

प्रकाशाला फिरवण्याची विद्या आपल्या किनाऱ्यावर मात्र लेझरच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी येऊन पोचली होती. अलिबागजवळच्या थळसमोर खांदेरी बेट आहे. 1679 मध्ये शिवाजी महाराजांच्या आरमाराने याच बेटासाठी इंग्रजांशी झुंज दिली. तिथलं दीपगृह 1867 चं. कुलाब्याच्या दक्षिण टोकाला, ओहोटीलाच चालत जाता येईल अशा खडकांवर उभं असलेलं प्रॉन्ग्ज दीपगृह 1875 चं. दिवा नुसता उंचावर ठेवून भागत नाही, कारण त्याचा उजेड आकाशात, जमिनीवर, चारी दिशांना वाया जातो. तो गोळा करून आडव्या पट्ट्यात समुद्राकडे पाठवावा लागतो. त्यासाठी लागणारं मोठं भिंग एकसंध केलं तर मध्यभागी इतकं जाड होतं की काचच बराच प्रकाश गिळते. फ्रान्सच्या ऑगस्तँ फ्रेनेल यांनी जाड भाग काढून टाकला आणि भिंगाची फक्त वळणदार पृष्ठं कड्यांसारखी एकाभोवती एक रचली. हे भिंग 1823 मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहात लागलं. फ्रेनेल अवघ्या 39 व्या वर्षी, 1827 मध्ये गेले.

दीपगृहातला दिवा बहुतेक ठिकाणी जागेवरच असतो, त्याच्याभोवती फिरतं ते भिंग. जुन्या मोठ्या दीपगृहांत कित्येक मण वजनाची ही काच पाऱ्याच्या कुंडावर तरंगत ठेवत. बोटाने ढकललं तरी ती फिरे. किती सेकंदांनी चमक येते, एकदा येते की जोडीने येते, यावरून नाखवा दीपगृह ओळखतो. प्रत्येकाची लय वेगळी. आज अर्नाळ्याच्या आणि पाचूबंदरच्या बोटींवर जीपीएस आहे, पण एखाद्या रात्री यंत्र बंद पडलं तर ही मोजून घ्यायची चमकच कामाला येते.

आणखी एक नाव मराठी वाचकाने विसरू नये असं मला मनापासून वाटतं. आपल्या शेजारच्या कल्याणात महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1892 मध्ये 'शांबरिक खरोलिका', म्हणजे जादूचा कंदील, दाखवायला सुरुवात केली. शंबर हा मायावी असुर, त्याच्या नावावरून शांबरी विद्या, म्हणून हे नाव. दिव्याचा प्रकाश एका भिंगाने गोळा करायचा, काचेवर हाताने रंगवलेल्या चित्रातून न्यायचा आणि पुढच्या भिंगाने पडद्यावर मोठा करायचा. भिंग प्रतिमा उलटी करतं म्हणून काच आत उलटीच सरकवायची. चित्रं पाठोपाठ बदलून आणि एकाहून अधिक कंदील एकाच पडद्यावर रोखून पटवर्धन हालचालीचा भास निर्माण करत. पुढे त्यांचे पुत्र विनायक आणि रामचंद्र यांनीही हे काम केलं. ल्युमिएर बंधूंचा चित्रपट मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवला गेला तो 7 जुलै 1896 ला. म्हणजे त्याच्या चार वर्षं आधी कल्याणात पडद्यावर गोष्टी हलू लागल्या होत्या. सिनेमाच्या इतिहासात या पिता-पुत्रांना मिळायला हवी तितकी जागा मिळालेली नाही.

आता किराणा दुकानाकडे वळू. 26 जून 1974 रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंगमच्या एका पाकिटावरचा बारकोड वाचला गेला. व्यवहारात वाचलेला तो पहिला. गल्ल्यावरच्या काचेखाली फिरता आरसा लाल किरणाला सगळीकडे झाडल्यासारखा फिरवतो. काळी रेघ किरण गिळते, पांढरी परत पाठवते, आणि परतणाऱ्या उजेडाच्या चढउतारातून आकडा कळतो. आपल्याकडच्या बहुतेक पाकिटांवर 890 हे आकडे पहिले दिसतात. वस्तू भारतात बनली असा त्याचा अर्थ अनेकजण घेतात, तो चूक आहे. बारकोडचा क्रमांक भारतातल्या संस्थेकडून घेतलेला आहे, एवढंच त्यातून समजतं. भाजीवाल्याच्या गाडीवरचा क्यूआर कोड मात्र या कुळातला नाही. तो मोबाइलचा कॅमेरा एका झटक्यात टिपतो, तिथे आरसा फिरत नाही.

या सगळ्यांतला सर्वांत उंचावरचा फिरता आरसा आपल्या डोक्यावर आहे, आणि विरारकरांइतकी त्याची गरज थोड्यांनाच असेल. 10 जुलै 2018 ला वसई-विरारच्या रुळांवर पाणी भरलं, लोकल बंद पडल्या आणि लांब पल्ल्याची गाडी नालासोपाऱ्याला अडकली. असा पाऊस सुरू झाला की आपण टीव्हीवर, मोबाइलवर ढगांचं चित्र बघतो. त्यातली बरीच चित्रं इन्सॅट मालिकेतल्या उपग्रहांची असतात. 26 जुलै 2013 ला सोडलेला इन्सॅट-3डी, 2016 चा 3डीआर, आणि 17 फेब्रुवारी 2024 चा 3डीएस. सुमारे 36 हजार किलोमीटरवरून या उपग्रहांवरचा आरसा पूर्व-पश्चिम झुलतो, एक पट्टा संपला की किंचित दक्षिणेकडे वळतो आणि पुढचा पट्टा वाचतो. झेरॉक्सवाल्याच्या काचेखाली जे चालतं तेच इथे पृथ्वीवर चालतं. समोर दिसणारी संपूर्ण पृथ्वी वाचायला त्याला 26 मिनिटं लागतात.

आमच्या नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे निकामी लेझर युनिटांचा ढीग पडलेला असतो. ती भंगारात जातात. माझी वसई-विरारच्या विज्ञान शिक्षकांना विनंती आहे की असं एखादं युनिट मागून घ्या. आधी त्यातला लेझर दुरुस्तीवाल्याकडूनच काढून घ्या, कारण बहुतेक प्रिंटरांत तो डोळ्याला न दिसणारा आणि डोळ्याला घातक असतो. मग ती सहा बाजूंची चकती वर्गात आणा, खिडकीतून येणारा उन्हाचा कवडसा तिच्यावर पडू द्या आणि एखाद्या मुलीला किंवा मुलाला ती बोटाने हळू फिरवू द्या. भिंतीवर एकामागून एक सहा कवडसे धावतील, आणि चकतीच्या बाजू किती ते मुलं न सांगता मोजतील.