हॉफमन, स्टॅन्ली

(२७ नोव्हेंबर १९२८–१३ सप्टेंबर २०१५). फ्रेंच-अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ, फ्रान्समधील लोकशाही व यूरोपीय परराष्ट्रनीती यांचा साक्षेपी अभ्यासक. जन्म व्हिएन्ना (ऑस्ट्रिया) येथे. बालपण फ्रान्समध्ये गेले. आई ज्यू वंशाची असल्यामुळे दुसऱ्या महायुद्धकाळात मायलेकांना पॅरिस सोडून दक्षिण फ्रान्समध्ये आश्रय घ्यावा लागला. १९४० मधील फ्रान्सचा पाडाव व व्हीशी राजवट हे प्रत्यक्ष पाहिलेले विषय पुढे त्यांच्या लेखनात वारंवार आले.

पॅरिस येथे राज्यशास्त्र व कायदा यांचे शिक्षण घेतल्यावर १९५५ पासून त्यांनी हार्व्हर्ड विद्यापीठात अध्यापन केले. १९६० मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले. हार्व्हर्डमध्ये १९६९ साली सुरू झालेल्या यूरोपविषयक अध्ययनकेंद्राच्या संस्थापकांत ते प्रमुख होते.

यूरोपीय एकीकरणाविषयीची त्यांची मीमांसा विशेष महत्त्वाची आहे. व्यापारासारख्या एका क्षेत्रातील सहकार्य हळूहळू इतर क्षेत्रांत पसरेल आणि अखेरीस राष्ट्र-राज्ये मागे पडतील, असे अर्न्स्ट हास प्रभृती अभ्यासकांचे प्रतिपादन होते. तथापि १९६५ च्या जुलैपासून सु. सात महिने फ्रान्सने यूरोपीय आर्थिक समुदायाच्या मंत्रिपरिषदेवर बहिष्कार घातला. अशा पार्श्वभूमीवर १९६६ मध्ये डेडॅलस या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निबंधात हॉफमन यांनी या प्रतिपादनाची मर्यादा दाखविली. जकात, शेतमालाचे भाव यांसारख्या बाबींत तडजोड शक्य असते. कारण तेथील लाभहानी मोजता येते. परराष्ट्रनीती व संरक्षण यांत मात्र राष्ट्राचे अस्तित्व व प्रतिष्ठा पणास लागलेली असते. शिवाय प्रत्येक देशाचा इतिहास, भौगोलिक स्थान व मित्रशत्रूंविषयीची धारणा भिन्न असते. त्यामुळे या क्षेत्रांत एकीकरणापेक्षा विविधतेचेच तर्कशास्त्र प्रभावी ठरते.

पुढील घटनांनी या विचाराचे महत्त्व अधोरेखित केले. मास्ट्रिख्ट करारान्वये १९९३ मध्ये यूरोपीय संघाने सामाईक परराष्ट्र व सुरक्षा धोरण स्वीकारले. पण त्यातील मुख्य निर्णयांसाठी एकमताची अट राहिली. २००३ च्या इराक युद्धाच्या वेळी ब्रिटन व स्पेन अमेरिकेच्या बाजूने, तर फ्रान्स व जर्मनी विरोधात उभे राहिले. हॉफमन यांनीही या युद्धावर कठोर टीका केली. मात्र राष्ट्र-राज्याची चिवटता दाखविताना त्यांनी सत्तास्पर्धेचे समर्थन केले नाही. राज्यकर्त्यांची नैतिक जबाबदारी देशाच्या सीमेपाशी संपत नाही, असे त्यांनी ड्यूटीज बियॉंड बॉर्डर्स (१९८१) या ग्रंथात प्रतिपादिले. द स्टेट ऑफ वॉर (१९६५), गलिव्हर्स ट्रबल्स (१९६८), डिक्लाइन ऑर रिन्यूअल ? (१९७४) व द यूरोपियन सिसिफस (१९९५) हे त्यांचे अन्य उल्लेखनीय ग्रंथ होत.

केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथे त्यांचे निधन झाले.