विश्लेषण : किकुयू लोकगीतांच्या ध्वनिमुद्रणांवर हक्क कोणाचा?

गाव गातो, पाहुणा ध्वनिमुद्रित करतो आणि ती चकती परदेशातल्या संग्रहालयात जाते. आफ्रिकेतील अनेक समाजांच्या लोकसंगीताचे असेच झाले. केनियातील सर्वात मोठ्या किकुयू समाजाच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. त्यांची काही गाणी सरकारला नकोशी होती. त्यामुळे यंत्रासमोर काय गायले गेले आणि काय गायलेच गेले नाही, हाही प्रश्न उरतो. ही ध्वनिमुद्रणे आता डिजिटल होत असताना त्यांच्या मालकीची चर्चा का होते आहे?

किकुयूंचे संगीत कसे असते?

माउंट केनियाच्या दक्षिण आणि पश्चिम उतारांवर, न्येरी, मुरांगा, किआंबू या भागांत हा समाज प्रामुख्याने राहतो. २०१९ च्या जनगणनेनुसार त्यांची संख्या ८१ लाखांच्या वर आहे. त्यांचे बरेचसे गाणे प्रसंगाला बांधलेले. एकाने ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचे, ही साधी रीत. ‘गितीरो’ हे लग्नाच्या बोलणीच्या वेळचे बायकांचे गाणे, तर ‘गिचांदी’ म्हणजे बिया भरलेल्या सुक्या भोपळ्याचा खुळखुळा वाजवत चालणारा काव्यसामना. त्यात एक गायक दुसऱ्याला कोडे घालतो. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्यातील सवाल-जवाबाची आठवण व्हावी असा हा प्रकार. भोपळ्यावर खुणा कोरलेल्या असतात आणि गाणारा त्यांच्या आधाराने पुढे जातो. न्गुगी वा थिओंगो यांनी तुरुंगात, शौचालयाच्या कागदावर लिहिलेल्या किकुयू कादंबरीचा निवेदक गिचांदी गाणाराच आहे.

‘म्वोम्बोको’ मात्र वेगळा. त्यात अकॉर्डियन वाजते, सोबत लोखंडी कडे सळईने ठोकतात. हे वाद्य युरोपातून आले, पण म्हणून म्वोम्बोकोला कोणी परका म्हणत नाही. ‘अस्सल’ लोकसंगीत शोधायला निघणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

ध्वनिमुद्रणात काय हरवते?

पूर्वीच्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटे मावत. रात्रभर चालणाऱ्या नाचाचे गाणे तेवढ्यात बसवायचे, म्हणजे कापणे आलेच. नाच दिसत नाही. गिचांदीचा भोपळा ऐकू येतो, पण त्यावरच्या खुणा नाहीत.

तरीही लिखित संग्रहापेक्षा ध्वनिमुद्रण एका बाबतीत सरस ठरते. किकुयू ही स्वरभेदाची भाषा आहे. आवाजाच्या चढ-उतारावर अर्थ बदलतो. रूढ लिपीत हा चढ-उतार दाखवला जात नाही, तो रेकॉर्डिंगमध्ये मात्र जसाच्या तसा राहतो.

बंदी कशावर होती?

१९२९-३० मध्ये मुलींच्या सुंतेच्या प्रथेवरून स्कॉटिश व अन्य मिशन आणि किकुयू यांच्यात मोठा संघर्ष झाला. तेव्हा ‘मुथिरिगू’ हे नाच-गाणे पसरले. मिशनरी, सरकार आणि त्यांच्या बाजूच्या मुखियांची त्यात टर उडवलेली असे. वसाहती सरकारने त्यावर बंदी घातली. केनियात २०११ च्या कायद्याने आज ती प्रथाच गुन्हा आहे. म्हणजे एकाच गाण्यात वसाहतविरोधही आहे आणि आज समर्थन न करता येणारी गोष्टही. संग्रहालयाने अशा गाण्याची नोंद करताना हे दोन्ही सांगायला हवे. सोयीचा अर्धा भाग सांगणे ही फसवणूकच.

ऑक्टोबर १९५२ मध्ये माउ माउ उठावामुळे आणीबाणी लागू झाली. ती १९६० पर्यंत टिकली. दहा लाखांहून अधिक लोकांना पहाऱ्यातील वस्त्यांत हलवले गेले. या चळवळीने चर्चच्या स्तोत्रांच्या चालीवर नवे शब्द बसवले होते. किकुयू न समजणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याला ते साधे भजन वाटे. नुसती चाल टिपणाऱ्या कोणालाही तेच वाटले असते. इतिहासकार माइना वा किन्यात्ती यांनी या गीतांचा संग्रह १९८० मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला. दोनच वर्षांनी, स्वतंत्र केनियाच्या सरकारने आक्षेपार्ह साहित्य बाळगल्याच्या आरोपावरून त्यांना तुरुंगात टाकले.

मूळ चकत्या कुठे आहेत?

पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील सर्वात मोठा संग्रह ह्यू ट्रेसी या इंग्रजाचा. १९५० मध्ये ते केनियातही फिरले. १९५४ मध्ये त्यांनी ‘इंटरनॅशनल लायब्ररी ऑफ आफ्रिकन म्युझिक’ स्थापन केले. ते आज दक्षिण आफ्रिकेतील ऱ्होड्स विद्यापीठात आहे. ट्रेसींमुळे अनेक गाणी वाचली, हे मान्यच करावे लागेल. पण गाणाऱ्यांच्या नातवंडांना ती ऐकायला दुसरा देश गाठावा लागावा, हेही खरेच.

यावर उपाय म्हणून गाणी परत नेण्याचे प्रयत्न सुरू झाले. किकुयूंच्या पश्चिमेला राहणाऱ्या किप्सिगिस समाजाचे ‘चेमिरोचा’ हे ट्रेसींनी १९५० मध्ये टिपलेले गाणे २०१४-१५ मध्ये त्या भागातील लोकांना पुन्हा ऐकवण्यात आले. अमेरिकी गायक जिमी रॉजर्स यांच्या नावाचा तो अपभ्रंश! या कामात नैरोबीची ‘केटेबुल म्युझिक’ आणि लंडनच्या ‘अबुबिल्ला म्युझिक’चा ‘सिंगिंग वेल्स’ हा उपक्रम सहभागी होता. हीच मंडळी गावोगावी जाऊन नवी ध्वनिमुद्रणेही करतात.

कायदा काय सांगतो?

केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेचे कलम ११ यासाठी महत्त्वाचे. समाजाच्या संस्कृतीचा वापर झाल्यास त्या समाजाला भरपाई किंवा स्वामित्वधन मिळावे, असा कायदा संसदेने करावा, असे ते म्हणते. तसा कायदा २०१६ मध्ये झाला. परंपरागत कलेचा वापर करण्यापूर्वी समाजाची माहितीपूर्ण संमती घ्यावी, हे त्याचे सूत्र.

अडचण पुढे येते. ८१ लाखांच्या समाजाच्या वतीने सही कोण करणार? गितीरो गाणाऱ्या बायकांचे गाव, त्यांचे कुटुंब की संपूर्ण समाज? चकतीवर ‘बायकांचा गट’ एवढीच नोंद असेल तर पैसे कोणाच्या हाती द्यायचे? नव्याने ध्वनिमुद्रण करताना गायकांची नावे आणि संमती लिहून घेणे सोपे आहे. जुन्या चकत्यांबाबत हे कोडे कायद्याच्या एका कलमाने सुटणारे नाही.

नवी पिढी काय करते आहे?

‘केएमआरयू’ या नावाने काम करणारा नैरोबीचा ध्वनिकलावंत स्वतः फील्ड रेकॉर्डिंग करतो. त्याचे आजोबा जोसेफ कमारू (१९३९-२०१८) हे किकुयूतील लोकप्रिय गायक. नातवाचे नावही तेच. आजोबांची जुनी गाणी तो इंटरनेटवर पुन्हा प्रसिद्ध करतो आहे. २०२२ च्या ‘टेम्पररी स्टोअर्ड’ या अल्बममध्ये त्याने बेल्जियममधील टेर्व्हुरेन येथील आफ्रिका संग्रहालयाच्या ध्वनिसंग्रहातील आवाज वापरले. अल्बमचा विषयही हाच : दुसऱ्याच्या कपाटात ठेवलेले आवाज.