सोल्डरिंगच्या आधी ‘बीप’ ऐका!

पार्सल आलं! फायनल इयर प्रोजेक्टचे पाच हिरवेगार पीसीबी, त्यावर पांढऱ्या अक्षरांत तुमच्या ग्रुपचं नाव. आता इन्स्टावर स्टोरी टाकायची आणि सोल्डरिंग आयर्न गरम करायची, बरोबर? स्टोरी खुशाल टाका. सोल्डरिंग मात्र जरा थांबवा.

आम्ही थांबलो नव्हतो. एका बोर्डावर मायक्रोकंट्रोलरपासून सेन्सरपर्यंत सगळं बसवलं, सप्लाय दिला आणि रेग्युलेटरला बोट लावलं, तर चटकाच बसला. पाच व्होल्ट आणि ग्राउंड थेट जोडलेले. डेमो चार दिवसांवर! बोर्ड बनवणाऱ्याला फोन केला, तर त्याचा पहिला प्रश्न, ‘‘सोल्डरिंग केलंत का?’’ हो म्हटल्यावर विषयच संपला. शॉर्ट त्याच्याकडे झाला की आमच्या सोल्डरने, हे सांगणार कोण? राग आला खरा, पण त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता.

मग उरलेल्या चार कोऱ्या बोर्डांवर मल्टिमीटर लावला. त्यातला एक ओरडला. भिंगातून पाहिलं, तर दोन ट्रॅकच्या मध्ये केसाएवढं तांबं एचिंगमध्ये निघायचं राहून गेलेलं. त्याचा फोटो पाठवल्यावर मात्र तो नवे बोर्ड फुकट द्यायला तयार झाला. पार्ट्सचे पैसे? ते गेलेच. बोर्डावर लावलेल्या पार्ट्सची भरपाई सहसा कोणी देत नाही. डेमोसाठी चांगला बोर्ड हाताशी होता, पण पार्ट्ससाठी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत पुन्हा खिसा रिकामा केला.

म्हणून सांगते, मल्टिमीटर कन्टिन्युइटीवर ठेवा आणि कोऱ्या बोर्डावर सप्लाय-ग्राउंड तपासा. बीप आला, तर गडबड आहे. एकच बोर्ड तपासून खूश होऊ नका, पाचही बघा. एक-दोन बोर्डांतच दोष असेल, तर चूक बहुधा कारखान्याची. पाचही बोर्डांवर त्याच जागी असेल, तर आधी स्वतःची गर्बर फाइल व्ह्यूअरमध्ये उघडा. फाइलमध्येच ट्रॅक चिकटलेले असतील, तर भांडायला जाऊ नका, हसं होईल. फूटप्रिंट उलटा पडला किंवा ड्रिल फाइल जोडायचीच राहिली, तर तेही आपल्याच खात्यात. फाइल बरोबर असेल, तर तिचा स्क्रीनशॉट आणि बोर्डाचा त्याच जागेचा फोटो शेजारी शेजारी ठेवून मेल करा. नुसतं ‘बोर्ड चालत नाही’ लिहून काही होत नाही. आणि एक सदोष बोर्ड कोराच जपून ठेवा, तोच तुमचा पुरावा.

ऑर्डर देतानाही घाई नडते. ट्रॅकमधलं अंतर कारखान्याच्या मर्यादेपेक्षा कमी ठेवलं, तर शॉर्टला आमंत्रणच. कीकॅडमध्ये ती मर्यादा टाकून डीआरसी चालवा. कारखान्याकडून शंकेचा मेल आला, की आपण न वाचताच ‘ओके’ ठोकतो, तेही बंद करा. आणि बोर्डाची इलेक्ट्रिकल टेस्ट किमतीत धरली आहे का, हे आधीच विचारून घ्या.

डेमो उद्यावर आलाय आणि सगळेच बोर्ड बिघडलेत? बाहेरच्या थरावरचा शॉर्ट धारदार ब्लेडने खरवडून काढता येतो, तुटलेला ट्रॅक बारीक वायरने जोडता येतो. दिसायला गबाळं दिसेल, पण एलईडी लागेल. फक्त खरवडल्यावर पुन्हा एकदा मल्टिमीटर लावा.