गृहकर्जाद्वारे घरखरेदी

गृहकर्जाद्वारे घरखरेदी म्हणजे घराच्या किमतीचा काही भाग स्वतःच्या बचतीतून आणि उरलेला भाग बँक किंवा गृहवित्त कंपनीच्या कर्जातून भागवून केलेली खरेदी होय. कर्ज फिटेपर्यंत तेच घर धनकोकडे तारण राहते. ऋणको घरात राहतो, ते भाड्याने देऊ शकतो आणि कर भरतो. मात्र धनकोच्या संमतीवाचून ते विकू शकत नाही. भारतात ही कर्जे बहुधा १५ ते ३० वर्षांच्या मुदतीची असतात. त्यामुळे सामान्य नोकरदार कुटुंबाच्या आयुष्यातील हा सर्वांत मोठा आणि सर्वांत दीर्घ आर्थिक करार ठरतो.

तारणाचे कायदेशीर स्वरूप

स्थावर मालमत्तेच्या गहाणाचे नियम मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२मध्ये आहेत. त्यातील कलम ५८मध्ये गहाणाचे सहा प्रकार सांगितले आहेत. शहरी गृहकर्जात प्रामुख्याने हक्कलेख ठेवून केलेले गहाण वापरले जाते. यात मालमत्तेची मूळ कागदपत्रे, म्हणजे नोंदणीकृत करारनामा, आधीच्या खरेदीखतांची साखळी, भागपत्र इत्यादी, धनकोच्या हवाली केली जातात. महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना दुय्यम निबंधकाकडे ३० दिवसांत दाखल करावी लागते. एकाच घरावर दोन बँकांकडून कर्ज उचलण्याच्या प्रकारांना आळा बसावा, हा त्यामागील हेतू आहे. याच कारणासाठी २०११पासून केंद्रीय तारण नोंदवही, म्हणजे सेरसाई, कार्यरत आहे.

कर्ज फेडून मालमत्ता सोडवून घेण्याचा हक्क कलम ६०ने दिला आहे. घर गहाण पडले म्हणजे गेले, ही जुन्या सावकारी काळातील भीती कायद्याच्या दृष्टीने निराधार आहे. मात्र या हक्काला अलीकडच्या कायद्यांनी कालमर्यादा घातली आहे. तिचा विचार पुढे केला आहे.

इतिहास

मुंबईत मध्यमवर्गाने सामूहिक बळावर घर मिळवण्याचा आरंभीचा प्रयत्न सहकारातून झाला. गावदेवी येथील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५मध्ये स्थापन झाली. रावबहादूर तालमकी हे तिचे प्रवर्तक होते. स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ व्यक्तीला घरासाठी कर्ज देणे हा व्यापारी बँकांचा नेहमीचा व्यवसाय नव्हता. भविष्यनिर्वाह निधीतील उचल, दागिने आणि नातेवाइकांकडील उसनवारी यांवरच भिस्त असे. निवृत्तीच्या पैशातून घर, हा त्या पिढीचा रूढ क्रम याच परिस्थितीतून आला.

१९७७मध्ये हसमुखभाई पारेख यांनी मुंबईत एचडीएफसी ही किरकोळ गृहकर्जे देणारी संस्था सुरू केली. १ जुलै २०२३ रोजी ती एचडीएफसी बँकेत विलीन झाली. राष्ट्रीय आवास बँक १९८८मध्ये अस्तित्वात आली. गृहवित्त कंपन्यांच्या नियमनाचे अधिकार २०१९मध्ये तिच्याकडून रिझर्व्ह बँकेकडे गेले.

हप्त्याचे गणित

गृहकर्जाची परतफेड समान मासिक हप्त्यांनी होते. हप्त्याची रक्कम सारखी असली तरी तिच्यातील व्याज आणि मुद्दल यांचे प्रमाण दरमहा बदलते. ५० लाख रुपये कर्ज, ८.५ टक्के व्याजदर आणि २० वर्षे मुदत धरल्यास हप्ता सुमारे ४३,३९१ रुपये येतो. पहिल्या महिन्यात त्यातील ३५,४१७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फक्त ७,९७४ रुपयांनी कमी होते. पाच वर्षांत ऋणको एकूण २६ लाखांहून अधिक रक्कम भरतो, पण मुद्दल सुमारे ६ लाखांनीच घटलेले असते. दर न बदलता पूर्ण मुदत गेल्यास एकूण भरणा सुमारे १ कोटी ४ लाख रुपये होतो. म्हणजे व्याजाची रक्कम मुद्दलापेक्षा अधिक होते.

पहिल्या काही वर्षांत घर विकावे लागले, तर इतके हप्ते भरूनही बाकी एवढी कशी, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्यात बँकेची लबाडी नसते. शिल्लक मुद्दलावर व्याज आकारण्याच्या पद्धतीचा तो सरळ परिणाम असतो. हेच गणित उलट दिशेनेही लागू पडते. वरील उदाहरणात दरवर्षी एक हप्ता जादा भरल्यास कर्ज तीन वर्षांहून अधिक काळ आधी फिटते. तरत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२मध्ये बँकांना मनाई केली आहे.

लाभ

कर्जाचा सर्वांत उघड लाभ म्हणजे वेळ. संपूर्ण किंमत साठेपर्यंत थांबल्यास किमतीही वाढतात आणि आयुष्यही पुढे सरकते. कर्जामुळे मिळवत्या वयातच घर मिळते आणि मुलांच्या शाळेचा पत्ता स्थिर राहतो. महाराष्ट्रातील शहरांत भाड्याच्या घरांचे करार बहुधा ११ महिन्यांच्या अनुज्ञप्तीचे असतात. त्यांचे नूतनीकरण, वाढते भाडे, अनामत रक्कम आणि घर बदलण्याची दगदग यांतून सुटका होणे, याला पैशात मोजता न येणारे मोल आहे.

दुसरा लाभ महागाईच्या संदर्भातील आहे. स्थिर राहिलेला हप्ता पगार वाढत गेल्यावर तुलनेने हलका होतो, तर भाडे महागाईबरोबर वाढत राहते. शिवाय सक्तीची बचत घडते. एरवी खर्च झाली असती अशी रक्कम मालमत्तेत मुरते.

करसवलतींचे आकर्षणही मोठे राहिले आहे. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजासाठी वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत, तर मुद्दलाच्या परतफेडीसाठी इतर बचतींसह १.५ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. नव्या करप्रणालीत स्वतःच्या वापराच्या घरासाठी या वजावटी नाहीत. त्यामुळे कर वाचवण्यासाठी घर घेण्याचा जुना सल्ला आता सरसकट लागू होत नाही. अल्प उत्पन्न गटांसाठी प्रधानमंत्री आवास योजनेत २०१५पासून व्याज अनुदानाची तरतूद होती; ती २०२२मध्ये बंद झाली आणि योजनेच्या २०२४मधील दुसऱ्या टप्प्यात नव्या स्वरूपात परत आली.

कर्जामुळे होणाऱ्या कागदपत्रांच्या छाननीचाही उल्लेख करावा लागेल. बँकेचा वकील मालकीहक्काचा शोध घेतो आणि मूल्यांकनकार जागेची पाहणी करतो. रोखीने घर घेणारा हा खर्च अनेकदा टाळतो आणि फसतो. तथापि ही छाननी बँकेच्या तारणासाठी असते. तिच्यावर खरेदीदाराने पूर्णपणे विसंबणे धोक्याचे ठरू शकते.

जोखीम

व्याजदराची जोखीम

भारतातील बहुसंख्य गृहकर्जे तरत्या दराची आहेत. अमेरिकेप्रमाणे ३० वर्षे स्थिर राहणारा दर येथे सहसा मिळत नाही. १ ऑक्टोबर २०१९पासून बँकांना अशी नवी कर्जे रेपो दरासारख्या बाह्य मानदंडाशी जोडावी लागतात. गृहवित्त कंपन्यांना हा नियम लागू नाही. त्या आपला स्वतःचा आधारभूत दर ठरवतात, आणि तो खाली येताना बरेचदा रेंगाळतो.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. त्याचा परिणाम आकड्यांत पाहता येतो. ५० लाखांच्या २० वर्षांच्या कर्जाचा हप्ता ६.७५ टक्के दराने सुमारे ३८,०१८ रुपये होतो. कर्ज घेतल्यावर लगेच दर ९.२५ टक्के झाला, तर केवळ महिन्याचे व्याजच ३८,५४२ रुपये होते. जुना हप्ता कायम ठेवल्यास तो व्याजालाही पुरत नाही आणि कर्ज कमी होण्याऐवजी वाढू लागते. प्रत्यक्षात दर टप्प्याटप्प्याने वाढले, पण अनेक धनकोंनी हप्ता तसाच ठेवून मुदत लांबवली. निवृत्तीच्या वयापूर्वी संपणारे कर्ज त्यापुढे गेल्याचे कित्येकांना खातेउतारा पाहिल्यावरच कळले. ऑगस्ट २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेने याबाबत निर्देश दिले. त्यानुसार दर बदलताना हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा दोन्हींचा मेळ घालणे यांतील पर्याय ऋणकोला द्यावा लागतो. २०२५मध्ये रेपो दर पुन्हा उतरला आणि वर्षअखेर ५.२५ टक्क्यांवर आला. तथापि जुन्या कर्जावरील दर आपोआप किती घटतो, हे कर्ज कोणत्या मानदंडाशी जोडलेले आहे यावर अवलंबून असते.

रोकडीची ओढाताण

३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या मूल्याच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावरील कर्जात ७५ टक्के ही कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने घातली आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी सर्वसाधारणपणे या मूल्यात धरली जात नाही. मुंबईत सदनिकेवर ६ टक्के मुद्रांक शुल्क असल्याने ८० लाखांच्या घरासाठी केवळ या शीर्षाखाली ४ लाख ८० हजार रुपये रोख लागतात. महिलेच्या नावे खरेदी असल्यास १ टक्का सवलत मिळते. अंतर्गत सजावट, सोसायटीचे हस्तांतरण शुल्क आणि वाहनतळाची जागा यांचा हिशेब वेगळा. हा पैसा उभा करताना आकस्मिक खर्चाची गंगाजळी संपते आणि नेमक्या त्याच अवस्थेत पहिला हप्ता सुरू होतो. नोकरी जाणे किंवा मोठे आजारपण अशा वेळी आल्यास सुस्थितीतील कुटुंबही काही महिन्यांत थकबाकीदार होऊ शकते.

अपूर्ण आणि अनधिकृत बांधकाम

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेतल्यास कर्ज टप्प्याटप्प्याने वितरित होते आणि ताबा मिळेपर्यंत केवळ व्याज भरण्याची सोय असते. या काळात मुद्दल कमी होत नाही. प्रकल्प रखडला, तर भाडे आणि व्याज असा दुहेरी भार पडतो. विकासकाने करार मोडला म्हणून बँकेचा हप्ता थांबवता येत नाही, कारण कर्जाचा करार स्वतंत्र असतो. ताब्यापर्यंतचे व्याज विकासक भरेल, अशा योजनांत विकासकाने हात वर केल्यावर वसुलीचा तगादा खरेदीदाराकडेच आला. २०१९मध्ये राष्ट्रीय आवास बँकेने अशा योजनांखाली कर्जे देण्यापासून गृहवित्त कंपन्यांना परावृत्त केले.

स्थावर संपदा अधिनियम, २०१६नुसार खरेदीदारांकडून मिळालेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, आणि नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. महाराष्ट्रात महारेरा हे प्राधिकरण २०१७पासून कार्यरत आहे. तरीही नोंदणी क्रमांक म्हणजे निर्वेधतेची हमी नव्हे. कल्याण-डोंबिवली परिसरात ६५ इमारतींनी बनावट परवानग्यांच्या आधारे महारेरा नोंदणी मिळवल्याचे उघड झाले, आणि नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तेथील अनेक रहिवाशांनी कर्ज काढून घरे घेतली होती. इमारत पाडली गेली तरी कर्ज शिल्लकच राहते. म्हणून बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र यांची पडताळणी थेट महापालिका किंवा नगररचना कार्यालयात करणे हिताचे असते.

सहकर्जदार आणि वारस

पात्रता वाढवण्यासाठी पती-पत्नी किंवा आई-वडील आणि मुले यांच्या नावे संयुक्त कर्ज घेतले जाते. सहकर्जदार असणे म्हणजे सहमालक असणे नव्हे, हा फरक अनेकदा दुर्लक्षित राहतो. करारनाम्यात नाव नसलेली, पण कर्जावर सही केलेली व्यक्ती संपूर्ण कर्जाला जबाबदार असते आणि घरावर मात्र तिचा मालकीहक्क नसतो. घटस्फोटाच्या प्रकरणांत याची झळ विशेषतः स्त्रियांना बसते. ऋणकोचा मृत्यू झाल्यास वारसांकडे घर कर्जाच्या बोजासह येते. सहकर्जदार नसलेल्या वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या वारशापुरती मर्यादित असते. शुद्ध मुदत विमा हा यावरील तुलनेने स्वस्त उपाय होय. तो कर्ज देणाऱ्या संस्थेकडूनच घेण्याची सक्ती नसते.

थकबाकी, ताबा आणि लिलाव

९० दिवसांहून अधिक काळ हप्ता थकल्यास खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर सरफेसी अधिनियम, २००२नुसार धनको न्यायालयात न जाता वसुली करू शकतो. प्रथम ६० दिवसांची मागणी नोटीस येते. ऋणकोने लेखी हरकत घेतल्यास धनकोला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. यानंतर ताबा घेतला जातो. प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे साहाय्य घेता येते. कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते; महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे ही न्यायाधिकरणे आहेत. हा कायदा सहकारी बँकांनाही लागू असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२०मध्ये दिला. त्यातील एक पक्ष कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडची सहकारी बँक होती.

२०१६च्या दुरुस्तीनंतर थकबाकी भरून घर सोडवण्याची मुभा लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच उरली आहे, आणि २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच मर्यादा उचलून धरली. लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन धावणाऱ्यास म्हणूनच उशीर झालेला असतो. लिलावातून पूर्ण रक्कम वसूल न झाल्यास उरलेल्या रकमेसाठी ऋणको वैयक्तिकरीत्या जबाबदार राहतो. किल्ल्या बँकेकडे देऊन मोकळे होण्याची सोय भारतात नाही. या टोकापर्यंत जाण्याआधी मुदतवाढ, पुनर्रचना किंवा धनकोच्या संमतीने स्वतः केलेली विक्री हे मार्ग उपलब्ध असतात. खुल्या बाजारात स्वतः विकलेल्या घराला लिलावापेक्षा सहसा चांगली किंमत येते.

कर्ज फिटल्यानंतर

१ डिसेंबर २०२३पासून लागू झालेल्या नियमानुसार, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे आणि नोंदवलेला बोजा उतरवणे धनकोवर बंधनकारक आहे. धनकोच्या चुकीमुळे उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई देय होते. कर्ज मंजूर होताना दिलेल्या कागदपत्रांची पोच जपून ठेवली असल्यास ही तपासणी सोपी जाते. सेरसाईच्या नोंदवहीतील नोंद रद्द झाली आहे का, पतमाहिती अहवालात खाते बंद दिसते का आणि सोसायटीच्या दप्तरातील बँकेच्या बोजाची नोंद निघाली का, हे ऋणकोला स्वतः पाहावे लागते. ही नोंद राहून गेल्यास अडचण बहुधा अनेक वर्षांनी, घर विकताना उद्भवते.